मलेरियाची लस आणि आपण

पुण्यात मलेरियाची लस तयार होते, मग ती आपल्या मुलांना का मिळत नाही, असे अनेक जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने शोधलेली 'आर-२१' लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तिची शिफारस केली व २०२४ पासून ती आफ्रिकेतील बालकांना दिली जाते. मलेरियाचे बहुतेक बळी तिकडचीच पाच वर्षांखालील मुले असतात. तेव्हा पहिला हक्क त्यांचा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय ही लस म्हणजे कवचकुंडले नव्हेत. डासाने सोडलेले जंतू यकृतात शिरण्यापूर्वी ती अडवते. त्यातूनही काही निसटले तर रक्तात वाढतात. फाल्सिपेरम जातीच्या जंतूंनी ग्रासलेल्या तांबड्या पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटतात. झटके येतात, रोगी बेशुद्ध होतो. हे चिकटणेच रोखणारी लस शास्त्रज्ञ शोधत आहेत. पण ज्या प्रथिनाने पेशी चिकटते, ते हा जंतू सारखे बदलतो. बहुरूपीच म्हणा ना! म्हणून काम रेंगाळते. खरा पैसा या संशोधनावर खर्च व्हायला हवा.

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हाच फाल्सिपेरम आढळतो. तेथे हुडहुडी भरून ताप आला, तर साधी तापाची गोळी घेऊन दोन दिवस वाट पाहू नये. त्याच दिवशी आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. सरकारी केंद्रात तपासणी व औषध, दोन्ही मोफत आहेत.