मे महिन्याचं घर आणि लेकींची सही



शाळांना सुट्टी लागली की आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी घरांतल्या गाड्या घाट उतरून कोकणात जातात. कुणी हॉटेल बघतं, कुणाचं ओळखीचं घर असतं. आमच्या घराण्याचं मालवणजवळ एक जुनं चिऱ्याचं घर आहे. आम्ही त्याला ‘मे महिन्याचं घर’च म्हणतो, कारण उरलेलं वर्षभर त्याला कुलूप असतं. यंदा त्या घराचं हक्कसोडपत्र आमच्या तिन्ही आत्तींसमोर आलं. असा कागद तुमच्यापैकी अनेकींसमोर आला असेल, नाहीतर उद्या येईल, म्हणून हे लिहिते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या घराच्या रीतीभाती लेकींनी सांभाळल्या, त्या घराच्या कागदावरून लेकींची नावं गुपचूप पुसली जाऊ नयेत.

हे घर आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलं. त्यांचा गुळाचा व्यापार होता. कोल्हापूरचा गूळ फोंडा घाटातून खाली जायचा आणि येताना नारळ, सुपारी, आमसुलं यायची. उतरायला जागा हवी म्हणून घर घेतलं, पण त्याला घरपण आणलं ते आज्जीनं आणि तिच्या तीन लेकींनी.

मासळीच्या गावात जैन घर कसं चालायचं, हे सांगण्यासारखं आहे. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं. गाळलेलं पाणी ४८ मिनिटांनी पुन्हा गाळायचं. फडक्यावर राहिलेली जिवाणी टाकून द्यायची नाही, तर बुडाला कडी असलेल्या छोट्या बादलीतून त्याच विहिरीत अलगद सोडायची. बादली पाण्याला टेकेपर्यंत दोर हळूहळू सोडायचा आणि मगच कडीकडून ओढून उलटी करायची. वरून ओतलं तर जीव मरतात. हे काम मुलांकडे असायचं. अहिंसा म्हणजे काय, हे मला पाठशाळेत नंतर कळलं. आधी ते त्या दोराला धरून कळलं.

मे महिन्यात तिथं सूर्य सातच्या सुमाराला बुडतो. म्हणजे वीस-बावीस माणसांचं संध्याकाळचं जेवण त्याच्या आत उरकायचं. साडेपाचला पानं वाढलेली असायची. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, नीरफणसाची कापं, लसूण न घातलेली सोलकढी. कांदा नाही, बटाटा नाही, आणि त्यावाचून अडतंय असं कुणाला वाटायचंही नाही. नारळ आणि कोकम हाताशी असल्यावर काय अडणार? मग भरल्या पोटी सगळे समुद्रावर. सूर्यास्त बघून परत आलं की पाण्याचा थेंबही नाही. कोनाड्यातल्या पार्श्वनाथांच्या चित्रासमोर णमोकार, आणि खळ्यात माडाच्या झावळ्यांच्या माटवाखाली अंथरुणं. प्रतिष्ठित मूर्तीची पूजा रोज व्हावी लागते, ती बंद घरात ठेवता येत नाही, म्हणून आज्जीनं चित्रच ठेवलं होतं. एखाद्या वर्षी वाट वाकडी करून खारेपाटणच्या जुन्या जैन मंदिरात दर्शन घ्यायचं.

दुपारी चातुर्मासाची बेगमी चालायची. पावसाळ्यात आमच्याकडे पालेभाजी बंद, तेव्हा सुकं साठवायला हवंच. कोकमाची सालं त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवायची, आगळ भरून ठेवायचं, ताटांवर आंब्याची साठं पसरायची. हे सगळं थोरल्या आत्तीच्या देखरेखीखाली. ती सासरहून मुलांना घेऊन यायची आणि पहिल्याच दिवशी पदर खोचायची. शेजारच्या काकी, ज्यांच्याकडे रोज मासळी शिजायची, त्या आम्हाला बघून आत हाक द्यायच्या, “पोरां इली गो!” आमच्या पंगतीच्या वेळी त्या आपल्या चुलीवर मासळी चढवत नसत. तसं कुणी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. असा शेजार आपोआप जमत नाही. दरवर्षी येणाऱ्या, त्यांच्या लेकीबाळींची चौकशी करणाऱ्या बायकांमुळे तो जमतो.

आता या घराला भाव आला आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. समुद्राजवळच्या वाड्यांना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. घरातल्या पुरुषांचं म्हणणं असं, की घर विकायचं असो की तिथं होमस्टे काढायचा असो, इतक्या सह्या गोळा करत बसणं अवघड, तेव्हा बहिणींनी हक्क सोडावा. त्यांची एक बाजू खरी आहे. तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, नळे उडाले आणि दोन माड पडले, तेव्हा सगळा खर्च काकांनी केला. दर पावसाळ्याआधी नळे परतून घ्यायचे, घरपट्टी भरायची, हेही त्यांनीच केलं. ते विसरून चालणार नाही.

पण खर्च केला म्हणजे हिशेब होतो, मालकी होत नाही. हिशेब मांडा, आमच्या वाट्याचे पैसे आम्ही देऊ. आणि मैत्रिणींनो, हे नुसतं बोलून भागत नाही, खरंच द्यायला हवेत. हक्क सांगायचा आणि नळ्यांचा खर्च भावानं करायचा, हे न्यायाचं नाही.

आता कायदा. आपण जैन, तरी वारसाच्या बाबतीत आपल्याला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत मृत्युपत्र न करता मागे राहिली, तर पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा, हे १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीनं दिला, आणि त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असायला हवे होते असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. लग्न झालं म्हणून हा हक्क जात नाही. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणूनही जात नाही. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा तर घरपट्टीपुरता असतो. मात्र नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर सही केली, की ती परत घेणं फार कठीण. म्हणून “नुसती एक सही आहे” असं कुणी म्हणालं, तर समजा की सगळं त्या सहीतच आहे.

मला सर्वांत जास्त खटकलं ते पुढचंच. एका नातेवाइकानं आत्तीला म्हटलं, “तुम्ही एवढा स्वाध्याय करता, अपरिग्रह तुम्हाला वेगळा सांगायला हवा का?” उत्तर द्यायला आत्ती संकोचली, म्हणून मी इथं देते. परिग्रह-परिमाण हे गृहस्थाचं अणुव्रत आहे. ते ज्यानं त्यानं स्वतःच्या मिळकतीला स्वतः घालायचं असतं. ते दुसऱ्याच्या, त्यातही फक्त बहिणीच्या, मिळकतीला घालता येत नाही. आणि त्याच पाच व्रतांत अचौर्यही आहे. दुसऱ्यानं मनापासून न दिलेलं घेऊ नये, इतकं सोपं. भिडेपोटी, संकोचानं केलेल्या सहीला मनापासून दिलेलं म्हणायचं का, हे सही घेणाऱ्यानं आपल्या मनाला विचारावं. त्यागासाठी आधी वस्तू आपली असावी लागते. जे आपलं आहे हेच कुणी मान्य करत नाही, त्याचा त्याग कसा करायचा?

“माहेर तुटेल गं” ही भीती मला कळते. मी ती हसण्यावारी नेत नाही. पण जे माहेर एका प्रश्नानं तुटतं, ते सही केल्यावर तरी किती वर्षं टिकणार? कुलपाची किल्लीच आपल्याकडे नसेल, तर पुढच्या मे महिन्यात मुलांना घेऊन कुठल्या हक्कानं जायचं? पाहुणी म्हणून गेलेली बाई दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पाणी गाळण्याचा आग्रह धरू शकत नाही.

मग काय करावं? आधी सगळ्या वारसांची नोंद करून घ्यावी. खर्चाची एक वही ठेवावी आणि वाट्याप्रमाणे पैसे भरावेत. होमस्टे काढायचाच असेल तर काढा, पण मे महिन्याचे वीस दिवस घरच्यांसाठी राखा आणि त्या स्वयंपाकघरात काय शिजेल ते सगळ्यांनी मिळून ठरवा. त्या वीस दिवसांत पहाटे उठून साडेपाचची पंगत उभी करणं हे फक्त बायकांचं काम राहू नये. आज्जीच्या काळात ते तसं होतं, आणि आपल्या गोड आठवणींची किंमत तिच्या कमरेनं मोजली. जावई आणि मुलगे यांनाही विळीवर नारळ खवता येतो.

आणि हे सगळं झाल्यावर, नाव लागल्यावर, एखादीला वाटलं की भावाची अडचण आहे, आपला वाटा द्यावा, तर तिनं जरूर द्यावा. ते दान होईल, आणि भाऊही ते मान वर करून घेऊ शकेल.

आमच्या थोरल्या आत्तीनं अजून सही केलेली नाही. ती चिडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, “सोडायचं का ठेवायचं ते मागनं बघू. आधी माझं नाव कुठं आहे ते दाखवा.” तुमच्यासमोर असा कागद आला, तर कोऱ्या मनानं सही करण्याआधी हे एक वाक्य तेवढं म्हणा. कागद घरी आणा, दोनदा वाचा, वकिलाला दाखवा, आणि आपल्या लेकीलाही वाचायला द्या.