विश्लेषण : पाळी ‘तपासून’ कळत नाही, मग मुलींना आणि शाळांना काय माहीत हवे?

जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथे एका खासगी शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. त्यानंतर पाचवी ते दहावीच्या मुलींना पाळी कोणाला सुरू आहे, असे विचारण्यात आले आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या काही जणींना कपडे काढायला लावून तपासल्याची तक्रार पालकांनी केली. मुख्याध्यापिकेसह काहींवर पोक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, अटकही झाली. गुन्ह्याचा निवाडा न्यायालय करेल. पण या वयोगटातील मुलींच्या शरीरात नेमके काय चाललेले असते, याची साधी माहितीही त्या शाळेत पोहोचलेली नव्हती, हे निकालाआधीच स्पष्ट आहे. ही माहिती देणे हे आरोग्यसेविका आणि परिचारिकांच्या कामाचा भाग आहे.

पाळी ही वयात येण्याची सुरुवात असते का?

नाही, आणि इथेच बहुतेक घरांचा गोंधळ होतो. सुरुवात होते ती स्तनांच्या वाढीने. साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान छातीवर छोटी गाठ जाणवते, ती दुखतेही. अनेक आया या गाठीनेच घाबरून दवाखाना गाठतात. पुढे काखेत आणि जांघेत केस येतात, उंची झपाट्याने वाढते. पाळी येते ती या सगळ्याच्या शेवटाकडे, म्हणजे पहिल्या खुणेनंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी. त्याआधी काही महिने अंगावरून पांढरे जाऊ लागते. खाज, दुर्गंधी नसेल तर तो आजार नसतो. पहिल्या पाळीनंतर उंची लगेच थांबत नाही, पण पुढे सरासरी ५ ते ७ सेंटिमीटरच भर पडते.

म्हणजे पाचवीच्या एका वर्गात चार मुली चार टप्प्यांवर असू शकतात. दहावीतल्या एखादीला अजून पाळी आलेली नसेल, तर ती खोटे बोलते आहे असा अर्थ होत नाही.

महिना चुकला तर बिघाड समजायचा का?

पाळी २८ दिवसांनीच आली पाहिजे, हा हिशेब किशोरवयात लागू पडत नाही. पहिली दोन-तीन वर्षे २१ ते ४५ दिवसांचे अंतर सामान्य धरले जाते. मेंदूतील पिच्युटरी ग्रंथी आणि बीजांडकोश यांचा मेळ बसायला वेळ लागतो. नवी यंत्रणा बसवल्यावर ती सुरळीत चालायला काही दिवस जातात, तसेच हे. सुरुवातीला दर महिन्याला बीज बाहेर पडतेच असे नाही. ते पडले नाही तर गर्भाशयाचे अस्तर ठरलेल्या वेळी सुटत नाही, पाळी लांबते आणि मग कधी एकदम जास्त जाते.

पण ‘या वयात असे होतेच’ म्हणून सगळेच सोडून देणे अधिक धोक्याचे. आठ वर्षांच्या आत स्तनांची वाढ, १३ व्या वर्षापर्यंत वाढीची काहीच खूण नसणे, १५ वर्षे पूर्ण होऊनही पाळी न येणे किंवा दोन पाळ्यांत ९० दिवसांहून जास्त अंतर, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवावे. दर महिन्याला पोट दुखते, पण रक्तस्राव होत नाही, अशी तक्रार असल्यास आत अडथळा असू शकतो. सात दिवसांहून जास्त स्राव, किंवा तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजणे, यामागे रक्त न गोठण्याचा आजारही निघतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी त्यासाठीच आहे.

न सांगितल्याची किंमत काय?

बीडकडे पाहावे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ‘पिशवी’ काढलेली असल्याचे समोर आले. खाडा पडला की दंड, फडात ना पाणी ना आडोसा, हे त्यामागचे मोठे कारण. पण अंगावरून पांढरे जाणे, पोटदुखी, अनियमित पाळी अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांना कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया केल्याच्या तक्रारीही होत्या. यातले काय सामान्य, कशावर गोळ्यांनी इलाज होतो, हे त्यांना आधी कोणी सांगितलेच नव्हते.

मग सांगणार कोण?

२०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात ही जबाबदारी आशा, आरोग्यसेविका आणि समुपदेशकांवर आहे. शाळेत आरोग्य तपासणी पथकही येते आणि त्यात परिचारिका असते. मात्र ही फेरी वर्षातून एकदाच. पाळी वर्षात दहा-बारा वेळा येते. एका उपकेंद्रामागे मैदानी भागात पाच हजार, आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्या असा निकष आहे. लसीकरण, बाळंतपणे, नोंदवह्या यांतून आरोग्यसेविकेला वर्गात बसून बोलायला किती वेळ उरत असेल? शिवाय ‘कावळा शिवला’ची भाषा शिक्षकांच्याही घरात असते. फक्त मुलींना बाहेर बोलावून दिलेले पाऊण तासाचे व्याख्यान मुलांपर्यंत आणि मुख्याध्यापकांपर्यंत पोहोचत नाही.

घरी करण्यासारखे काय?

पाळी सुरू झाल्याची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकावी, किती दिवस आणि किती पॅड लागले हेही लिहावे. तीन-चार महिन्यांची ही नोंद डॉक्टरांना खूप काही सांगते. पॅड चार ते सहा तासांनी बदलावा. कापड वापरत असल्यास धुऊन उन्हातच वाळवावे, कपाटामागे नव्हे. ग्रामीण रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये समुपदेशन मोफत मिळते.