मालकी सोडू पाहणाऱ्यांना वाट द्या

नाशिकच्या मायको सर्कलला ज्या कंपनीमुळे नाव मिळाले, तिचे नाव 2008 मध्ये बदलून बॉश झाले. रिक्षावाल्यांनी ते मनावर घेतले नाही आणि नाशिककरांनीही नाही. सातपूरच्या तिच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे नोझल बनतात, हे शहरातल्या शाळकरी मुलालाही माहीत असते. पण या कंपनीची जी जर्मन मूळ कंपनी आहे, तिचे जवळपास 94 टक्के भांडवल रॉबर्ट बॉश स्टिफ्टुंग या धर्मादाय संस्थेच्या नावावर आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? या संस्थेला लाभांशाचा वाटा मिळतो. त्यातून स्टुटगार्टचे रुग्णालय, वैद्यकीय संशोधन आणि शिक्षणाचे प्रकल्प चालतात. कारखाने कसे चालवायचे, हे मात्र ही संस्था ठरवत नाही; मतदानाचा अधिकार वेगळ्या विश्वस्तांकडे ठेवलेला आहे. आणखी एक गंमत अशी, की ही धर्मादाय संस्था जर्मन कायद्याच्या लेखी स्वतःच एक मर्यादित कंपनी आहे.

हे सगळे आठवायचे कारण घरचे आहे. सातपूर आणि अंबडमध्ये ज्यांनी एका लेथपासून सुरुवात केली, ते अनेक उद्योजक आता सत्तरीत आहेत. मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात. कारखान्यात परतण्याची त्यांची इच्छा नाही. मग विकायचे, बंद करायचे की समाजाला देऊन टाकायचे? तिसरा विचार मनात येणारी माणसे या शहरात आहेत. त्यांनी सीएला विचारले, की उत्तर येते: ‘कलम 8 कंपनी करून टाका.’ सल्ला सोपा वाटतो, पण अर्धवट आहे.

2013च्या कंपनी कायद्यातले कलम 8 म्हणजे 1956च्या कायद्यातल्या कलम 25चा नवा अवतार. शिक्षण, संशोधन, समाजकल्याण, क्रीडा, पर्यावरण अशा उद्देशांसाठी चालणारी, नफा उद्देशावरच खर्च करणारी आणि भागधारकांना एक रुपयाही लाभांश न देणारी कंपनी. अंबडचे नाशिक इंजिनीअरिंग क्लस्टर याच जातीचे. पण ते मुळातच त्या साच्यात उभे राहिले. चालू कंपनीने हे रूप घ्यायचे, तर आधी तिचे उद्देश तसे असावे लागतात. प्रायव्हेट लिमिटेड म्हणून नोंदलेले रुग्णालय, प्रशिक्षण केंद्र किंवा चाचणी प्रयोगशाळा असेल, तर ही वाट खरोखर चांगली. व्हॉल्व्ह बनवून विकणाऱ्या कंपनीने ती धरायची, तर व्हॉल्व्ह बनवण्याचा हेतूच बदलावा लागेल.

कामही एका सहीचे नाही. विशेष ठराव, मालमत्तेची किमतीसह यादी, पुढच्या तीन वर्षांच्या जमाखर्चाचा अंदाज, रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडे अर्ज. शिवाय जिल्ह्याच्या भाषेतल्या एका वृत्तपत्रात आणि एका इंग्रजी वृत्तपत्रात जाहीर नोटीस. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, ‘हरवले आहे’च्या शेजारी, बारीक अक्षरात छापलेली ही चौकट कोणी वाचत नाही. वाचायला हवी, कारण हरकत घेण्याचा सामान्य माणसाचा रस्ता तिथूनच जातो. परवाना मिळाला, की नावातले ‘लिमिटेड’ गळते. कारखाना एमआयडीसीच्या भूखंडावर असेल, तर जमीन 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याची. तिचा वापर आणि हस्तांतर यांसाठी महामंडळाचे दार वेगळे ठोठावावे लागते.

एवढे केले म्हणजे कर माफ झाला, हा सर्वांत मोठा गैरसमज. प्राप्तिकर खात्याची नोंदणी स्वतंत्र असते. उत्पन्नाचा 85 टक्के भाग उद्देशावर खर्च करावा लागतो. संस्थापकाच्या मुलाला वाजवीपेक्षा जास्त पगार किंवा सुनेला कार्यालयाचे फुगवलेले भाडे दिले, की सवलत धोक्यात. उलटे फिरणे तर त्याहून महाग: धर्मादाय रूप सोडणाऱ्या संस्थेच्या साठलेल्या निव्वळ मालमत्तेवर 2016 पासून सर्वोच्च दराने कर लागतो. कर वाचवण्यासाठी मुखवटा शोधणाऱ्यांनी इकडे फिरकू नये, हे बरेच.

खरा पेच चांगल्या चालणाऱ्या कारखान्याचा आहे. कारखाना नफा कमावत राहावा, कर भरत राहावा आणि उरलेला लाभांश धर्मादाय संस्थेकडे जावा, ही बॉशची रीत नाशिकच्या उद्योजकाला भारतात सरळपणे वापरता येत नाही. धर्मादाय संस्थेने खासगी कंपनीचे शेअर धरले, तर प्राप्तिकराची सवलत जाते. अपवाद 1 जून 1973 रोजी मूळ निधीत असलेल्या शेअरचा. टाटा सन्सचे 66 टक्के भांडवल ट्रस्टांकडे आहे, ते या जुन्या वारशामुळे. तरीही टाटांच्या सहा ट्रस्टांनी 2015 मध्ये करसवलतीची नोंदणी परत केली आणि त्यानंतरही प्राप्तिकर खात्याशी वाद वर्षानुवर्षे चालला.

दुसरे उदाहरण आपल्याच विभागातले. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला 1945 मध्ये वनस्पती तुपाची कंपनी म्हणून विप्रो सुरू झाली. त्या काळी शेअर घेऊन पेटीत ठेवणारी अमळनेरची घरे पुढे कोट्यधीश झाली. अझीम प्रेमजींनी 2019 पर्यंत विप्रोच्या 67 टक्के शेअरांचा आर्थिक लाभ परोपकाराकडे वळवला. शेवटच्या 34 टक्क्यांचेच मूल्य 52,750 कोटी रुपये होते. पण त्यासाठी शेअर धरणारा ट्रस्ट वेगळा आणि शाळांमध्ये काम करणारे फाउंडेशन वेगळे, अशी दुहेरी रचना उभारावी लागली. प्रेमजींना वकिलांची फौज परवडते. अंबडमधल्या साठ कामगारांच्या कारखान्याच्या मालकाला नाही.

धर्मादाय संस्थांनी शेअर धरण्यावर ही बंदी घातली तेव्हा कारण खरे होते. उद्योगघराणी ट्रस्टच्या आडून कंपन्यांवर ताबा ठेवत आणि करही चुकवत. ती लबाडी आजही होऊ शकते. परंतु त्यावर इलाज बॉशनेच दाखवला आहे: लाभांश संस्थेला, मतदान स्वतंत्र विश्वस्तांना आणि मालकाच्या कुटुंबाला त्यात बहुमत नाही. अमेरिकेतल्या पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीच्या मालकाने 2022 मध्ये हेच थोड्या वेगळ्या पद्धतीने केले. मताधिकाराचे 2 टक्के शेअर एका ट्रस्टकडे, उरलेले 98 टक्के पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संस्थेकडे.

धर्मादाय म्हटले की सत्तेचा मोह संपतो, असे समजण्याचे भाबडेपण नाशिकने तरी करू नये. 1914 साली स्थापन झालेल्या मविप्र या शिक्षणसंस्थेची निवडणूक जिल्हा कशी लढवतो, ते सगळे पाहतात. निदान तिथे मतदार असतात. कलम 8 कंपनीत चार संचालक आणि एक सीए, एवढ्यावर कारभार चालू शकतो. ना नफा म्हणून 2015 मध्ये सुरू झालेल्या, चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने 2025 मध्ये व्यवसायाला नफ्याच्या साच्यात बसवले, तेव्हा अमेरिकेतल्या दोन राज्यांच्या महाधिवक्त्यांनी अटी घातल्या. आपल्याकडे अशा संस्थेच्या मालमत्तेकडे इतक्या बारकाईने पाहणारे अधिकारी हवेत. रिकाम्या खुर्च्या घेऊन हे काम होत नाही.

म्हणून केंद्र सरकारने प्राप्तिकर कायद्यातली शेअर धरण्यावरची बंदी सरसकट न ठेवता, कुटुंबाचे नियंत्रण सोडणाऱ्या मालकांसाठी अटींसह शिथिल करावी. राज्याने एमआयडीसीच्या भूखंडांवर अशा हस्तांतराचे शुल्क माफ करावे. आणि कारखाना समाजाला देऊ इच्छिणाऱ्या नाशिकच्या उद्योजकांनी, कायदा बदलेपर्यंत, निदान आपल्या संचालक मंडळात कुटुंबाबाहेरची दोन माणसे आजच घ्यावीत. त्याला कोणाचीही परवानगी लागत नाही.