घरचे सुतारकाम : कुसू, खुंटी आणि बाजेची दोरी

घरात जुनी बाज असेल तर आज जरा तिच्याजवळ बसा आणि तिचे कोपरे नीट न्याहाळा. चार खूर आणि त्यांत घुसवलेल्या चार आडव्या दांड्या. या दांड्यांना काही भागांत गात म्हणतात. खिळा एकही नाही, सरस नाही, लोखंडी पट्टी नाही. दोरी सगळी सोडली तर चारही खूर हाताने उपसून निघतील. तरीही या बाजेवर दोन-दोन पिढ्या झोपल्या, बाळंतिणी उठल्या, आणि सुगीत धान्याची पोतीसुद्धा तिनेच झेलली.

हे कसे घडते? विणलेली दोरी लांबीच्या दोन्ही दांड्यांना आतल्या बाजूला ओढते. त्या ओढीने खूर रुंदीच्या दांड्यांवर दाबले जातात. पायथ्याची ताणाची दोरी हेच काम लांबीच्या अंगाने करते. म्हणजे दोरी जितकी ताणाल तितके सांधे आत बसत जातात. म्हणूनच बाज कुरकुरू लागली की हातोडी-खिळा शोधायचा नाही, आधी दोरी ताणायची. बाजेच्या खुरात खिळा मारणारा माणूस बाजेचा वैरीच म्हणावा लागेल. बैलगाडीच्या चाकाचेही तसेच. लोहार धाव तापवून लाल करतो, चाकावर चढवतो आणि पाणी ओततो. लोखंड आकसते आणि सगळे आरे तुंब्यात दाबून बसवते. तिथे दोरीऐवजी लोखंड, एवढाच फरक.

दांडीच्या टोकाला जो निमुळता किंवा चौकोनी भाग काढतात ते कुसू. ते ज्यात बसते ते कुसवाचे भोक. घरी सुतारकामाची हौस असणाऱ्याने दुसरे काही शिकले नाही तरी चालेल, पण हा एक सांधा हातात बसवावा. याच सांध्यावर आज आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक स्टूल करू. गुडघे धरले की जमिनीवरून उठणे अवघड होते, आणि १६ ते १८ इंच उंचीचे बसायला मिळाले तर मोठा आधार होतो. मात्र तेच स्टूल आजी बसल्यावर फसकले तर तिचे मांडीचे हाड मोडेल, आणि त्या वयात मोडलेले हाड किती दिवस अंथरूण धरायला लावते ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून हा सांधा ‘चालेल’ इतका नको, पक्काच हवा.

खिळ्यावर माझा राग का, तेही सांगतो. दांडीच्या टोकात मारलेला खिळा लाकडाच्या तंतूंना समांतर जातो, तंतूंच्या मधे शिरतो आणि त्याला धरायला काहीच उरत नाही. शिवाय लाकूड हलते. पावसाळ्यात फुगते, चैत्र-वैशाखात आकसते. लांबीत हा फरक जवळजवळ नसतोच, सगळा खेळ रुंदीत आणि जाडीत. सागासारखे शहाणे लाकूडसुद्धा ओल्याचे पुरते सुके होईपर्यंत रुंदीत शेकडा चार-पाचपर्यंत आकसते. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्यात खिळ्याचे भोक मोठे होत जाते, त्यात गंज धरतो, आणि एक दिवस पाय लटपटू लागतो.

याच कारणाने ओले लाकूड कधीही जोडू नका. आज घट्ट बसलेले कुसू उन्हाळ्यात भोकात खुळखुळेल. लाकूड पुरते वाळले की नाही हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. त्याच लाकडाचा एक तुकडा किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून वजन लिहून ठेवा. दर आठ दिवसांनी पुन्हा तोला. वजन उतरायचे थांबले की लाकूड कामाला आले. वाळवताना सावलीत, मधे काड्या घालून, हवा खेळेल असे रचा आणि टोकांना जुना ऑइलपेंट फासा, म्हणजे टोके तडकत नाहीत. इंचभर जाडीच्या फळीला एक वर्ष द्यावे लागते. घाई करायचीच असेल तर जुन्या दाराच्या चौकटीचे, मोडक्या पलंगाचे लाकूड घ्या. त्याच्याइतके सुकलेले लाकूड वखारीतही मिळणार नाही. स्टुलाला सुकी बाभूळ उत्तम, फक्त हत्यारे धारेची हवीत. आंब्याला भुंगा लवकर लागतो. आणि बांधावरचा साग स्वतःचा असला तरी महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय त्याला कुऱ्हाड लावता येत नाही, हे लक्षात असू द्या.

आता कामाला लागू. पाय २ इंच चौरस, आडव्या पट्ट्या दीड इंच जाड आणि अडीच-तीन इंच रुंद. कुसवाची जाडी पट्टीच्या एक-तृतीयांश, म्हणजे अर्धा इंच. याहून जाड केले तर पाय पोखरला जातो, पातळ केले तर कुसूच मोडते. तुमच्याकडे जे किकरे असेल त्याच्या रुंदीवर कुसवाची जाडी ठरवा. अर्ध्या इंचाचे किकरे असेल तर काम सोपे झाले. खुणा पेन्सिलीने न करता धारदार सुरीने करा, कारण सुरीची रेघ करवतीला आणि पटाशीला वाट दाखवते. खतावणी लावताना प्रत्येक तुकड्याची एकच बाजू धरा. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने केलेत तर चारही सांधे चार दिशांना जातील.

आधी भोक, मग कुसू. हा क्रम मोडू नका. भोक लहान-मोठे करणे अवघड, कुसू तासणे सोपे. गिरमिटाने शेजारी शेजारी छिद्रे पाडा आणि मधला भाग किकऱ्याने काढा. शेवटच्या रेघेवर अगदी शेवटी या, नाहीतर उचकताना कड दबून गोल होते. पायाचे वरचे टोक दीड इंच जास्त लांब ठेवा. भोक अगदी टोकाशी आले की घाव घालताना लाकूड फाटते. हे जादा शिंग सगळे जुळल्यावर कापून टाकायचे. हत्यार चालवताना दुसरा हात नेहमी धारेच्या मागे असावा. पोरे बघायला जमतातच, त्यांना समोर उभे राहू देऊ नका.

कुसू हाताच्या जोराने अर्ध्यापर्यंत जावे आणि पुढे मोगरीच्या हलक्या टोल्यांनी. घणाने ठोकावे लागले तर पाय फाटणार. आपोआप आत पडले तर वाया गेले, दुसरे करा. पण खरी नजर ठेवायची ती खांद्यावर. खांदा म्हणजे कुसवाभोवतीचा पट्टीचा सपाट कापलेला भाग. तो पायाला सर्व बाजूंनी चिकटून बसला पाहिजे. स्टूल डुलू नये म्हणून अडवतो तो खांदाच. एका बाजूला कागद जाईल एवढी फट राहिली तरी स्टूल त्या बाजूला झुकते. एका पायात दोन पट्ट्या काटकोनात येतात, त्यांची कुसवे आत एकमेकांना भिडतात. ती टोके ४५ अंशांत तिरपी कापा, दोघांनाही जागा मिळते.

आता खुंटी. हा जुन्या सुतारांचा खरा हुन्नर. पायातून आरपार, भोकाला छेदणारे पाव इंचाचे छिद्र पाडा. मग कुसू आत बसवून त्यावर छिद्राची खूण करा आणि कुसू बाहेर काढा. कुसवातले छिद्र त्या खुणेवर न पाडता खांद्याच्या बाजूला किंचित सरकवून पाडा, रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतके. आता वाळलेल्या कळकाची टोक काढलेली खुंटी ठोकली की ती वाकत वाकत शिरते आणि कुसवाला आत ओढून घेते. खांदा पायाला चप्प बसतो. छिद्र उलट्या बाजूला सरकवले तर मात्र खुंटी सांधा बाहेर ढकलेल. ठोकण्यापूर्वी दोनदा बघा. पहिला सांधा टाकाऊ तुकड्यावर करून पाहिलात तर उत्तम.

फेव्हिकॉल लावायचा तर लावा, सावलीतल्या घरात तो बरा टिकतो. पण साधा पांढरा सरस ओलीत मऊ पडतो, तेव्हा गोठ्यातल्या किंवा मोरीतल्या वस्तूचा भार त्याच्यावर टाकू नका. खुंटी असेल तर सरस नसला तरी अडत नाही.

जाता जाता कुऱ्हाडीबद्दल. दांडा ढिला झाला की बरेचजण रात्रभर कुऱ्हाड बादलीत टाकून ठेवतात. सकाळी घट्ट होते, खरे. पण फुगलेले लाकूड लोखंडाच्या डोळ्यात दाबले जाते, त्याचे तंतू चिरडतात, आणि वाळल्यावर दांडा पहिल्यापेक्षा जास्त ढिला होतो. चार वेळा असे केले की पाते उडून कोणाच्या तरी पायावर येते. सुक्या लाकडाची पाचर ठोका, किंवा दांडा बदला.

आता राहिली स्टुलाची बैठक. वर एकच रुंद फळी ठोकली तर ती फुगते-आकसते आणि तडकते. तिच्या ओढीने सांधेही हलतात. त्यापेक्षा सुंभाने किंवा नवारीने बाजेसारखी वीण घाला. पट्ट्यांच्या वरच्या कडा कानशीने गोल करा, नाहीतर दोरी तिथे झिजते. वीण पट्ट्यांना आत ओढते आणि खुंट्यांच्या जोडीने सांधे धरून ठेवते. आजीला बसायलाही फळीपेक्षा मऊ. नवी दोरी सैल पडतेच. आठ-दहा दिवसांनी ती एकदा पुन्हा ताणून घ्या, आणि मगच आजीला बसू द्या.