शेवाळाचा नायनाट नको, नियंत्रण हवं

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या नातवाकडे खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. त्यात जिवंत प्रवाळ आणि चार-पाच मासे. सध्या तिथल्या दगडांवर केसांसारखं हिरवं शेवाळ माजलंय. ते प्रवाळांवर पसरलं की त्यांचा उजेड अडतो आणि ते हळूहळू मरतात. "आजी, औषधाची बाटली मिळते. ओतली की झालं!" असं तो परवा फोनवर म्हणाला. मी काही विज्ञानाची शिक्षिका नव्हते, पण हा उपाय मला मुळीच पटत नाही.

शेवाळाला लागतं काय? उजेड, नायट्रेट आणि फॉस्फेट. ही शेवटची दोन येतात जास्तीच्या खाद्यातून, माशांच्या विष्ठेतून आणि पुष्कळदा नळाच्या पाण्यातून. औषधाने शेवाळ मेलं तरी ते त्याच पाण्यात कुजतं, पाण्यातला प्राणवायू कमी करतं आणि शोषलेलं सारं परत पाण्यात सोडतं. म्हणजे पुढच्या पिकाला खत तयारच! लाल चिकट थर येतो तो तर शेवाळही नव्हे, सायनोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू. त्यावर काहीजण एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक ओततात. जी टाकी उपयोगी जीवाणूंच्या जिवावर चालते, तिच्यात हे ओतणं मला तरी आततायीपणाचं वाटतं.

आणि गंमत म्हणजे, टाकीतल्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरातही सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात अन्न बनवतं आणि त्यावर प्रवाळ पोसला जातो. पाण्यातलं पोषण पार शून्यावर आणलं तर शेवाळाबरोबर प्रवाळाचेही हाल होतात. म्हणून मी नायनाट म्हणत नाही, नियंत्रण म्हणते.

समुद्रात हे नियंत्रण कोण करतं? शेवाळ खाणारे जीव. जमैकात अतिमासेमारीमुळे शेवाळ खाणारे मासे घटले होते. १९८० साली ॲलन चक्रीवादळाने प्रवाळ मोडले. तरी लांब काट्यांचे सी अर्चिन शेवाळ चरत होते, म्हणून निभावलं. १९८३ मध्ये रोगाने तेही मेले. १९७० च्या दशकात तिथल्या समुद्रतळाचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत प्रवाळांचा होता, तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ५ टक्क्यांच्याही खाली आला. उरलेल्या जागेवर शेवाळाचं राज्य!

टाकीतही हाच न्याय. खाद्य कमी आणि मोजून घालावं. आर.ओ.चं, त्यातही क्षार पूर्ण काढलेलं पाणी वापरावं. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावं, दिवे आठ तासांवर ठेवावेत. दगडावरचं शेवाळ हाताने उपटून जुन्या टूथब्रशने घासावं, मात्र उपटलेलं टाकीबाहेर टाकावं. गोगलगायी सोडाव्यात. काहीजण शेजारच्या कप्प्यात मुद्दाम दुसरं शेवाळ वाढवतात आणि कापून फेकतात, म्हणजे पाण्यातलं पोषण त्याच्याबरोबर बाहेर जातं. काट्याने काटा काढायचा, दुसरं काय!

या साऱ्याला दोन-तीन महिने लागतात आणि मुलांची अडचण तिथेच आहे. त्यांना फरक शनिवारपर्यंत हवा असतो. पण प्रवाळ ही शोभेची वस्तू नाही, तो जीव आहे, आणि त्याला घरी आपण आणलंय. दोन-तीन महिने रोज थोडं थोडं करण्याची ज्याची तयारी नसेल, त्याने माझ्या मते प्रवाळ आणूच नयेत. नातवालाही मी हेच सांगितलंय. रागावलाय थोडा, पण बाटली अजून आणलेली नाही.