धार-देवासची टोली

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकास परकी नाहीत. माळव्यातील पवारांच्या ह्या गाद्या. एकीच्या पाठीशी भोजराजाची स्मृती, तर दुसरीच्या माताजींच्या टेकडीखाली कुमार गंधर्वांचे घर. आज आम्ही त्या गावांचा विषय काढीत आहोत तो मात्र गतवैभवाच्या आठवणीसाठी नव्हे. प्राथमिक शाळेतील मुलास वाचावयास कसे शिकवावे, ह्या रोजच्या आणि म्हणूनच दुर्लक्षित प्रश्नाबाबत त्या जिल्ह्यांकडून गोमंतकाने काही घ्यावे असे आहे.

होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत १९७२ साली विज्ञानशिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने तो देवास, धार आदी जिल्ह्यांत नेला. सहावी ते आठवीची मुले त्यात चार-चारांच्या टोलीने बसत. (टोली म्हणजे आपल्याकडील टोळी नव्हे, हे सांगितलेले बरे.) 'बाल वैज्ञानिक' ह्या पुस्तकात तयार उत्तरे नसत, कृती व प्रश्न असत. तेव्हा एकाने सूचना वाचावी, दुसऱ्याने तिचा अर्थ सांगावा, तिसऱ्याने 'तसे नव्हे' म्हणून पुन्हा पुस्तकात पाहावे, असा क्रम आपोआप घडे. विज्ञानाच्या तासाला मुले खरे वाचन शिकत होती. २००२ साली राज्य सरकारने हा उपक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम मोडावयास एक आदेश पुरतो.

खालच्या इयत्तांत तर अशा टोलीची गरज अधिकच आहे. आपल्या शाळांत वाचन म्हणजे सामुदायिक घोष. गुरुजी म्हणतात, चाळीस मुले म्हणतात. आणि त्या चाळिसांच्या आवाजात ज्याला एक अक्षरही ओळखत नाही तोही सुखाने लपून राहतो. मुळाक्षरे संपली की बाराखडी, ती संपली की जोडाक्षरे. अर्थाची गाठ पडेपर्यंत वर्ष सरते. उलट, मोजकी अक्षरे व एकदोन स्वरचिन्हे बरोबरच दिली, तर मूल पहिल्या महिन्यातच 'मामा', 'काम', 'मला' असे शब्द वाचू लागते. शिक्षकाने पाचसहा मुले जवळ घेऊन वीस मिनिटे बसावे. चित्र पाहून गोष्टीत काय असेल ते विचारावे. प्रत्येकाला स्वतः वाचू द्यावे. अडल्यास लगेच शब्द न पुरवता अक्षर आणि अर्थ दोन्हींकडे बोट दाखवावे. शेवटी गोष्ट मुलाच्या स्वतःच्या बोलीत सांगावयास लावावी. त्या वेळी बाकीच्यांच्या हाती पाटी किंवा गोष्टीची पुस्तके असावीत. ह्यात यंत्र लागत नाही. लागतो तो शिक्षकाचा मोकळा वेळ, आणि तोच जनगणना, निवडणूक आणि तक्ते भरणे ह्यांत खर्ची पडतो.

धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासींची. घरी भिली किंवा भिलाली, पुस्तकात हिंदी. त्यातच अनेक कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जातात आणि भगोरियाच्या सुमारास परततात. मधल्या काळात वर्गाचे पुस्तक तीस पाने पुढे गेलेले असते. सबंध वर्गाला एकच धडा शिकवणारी पद्धत ह्या मुलास कायमचे मागे टाकते. लहान गट त्याला तो जेथे थांबला तेथून उचलू शकतो.

हा केवळ आशावाद नव्हे. ह्या शतकाच्या आरंभी 'प्रथम' संस्थेने मुंबई व बडोदे येथे मागे पडलेल्या मुलांचे पंधरा-वीसांचे गट 'बालसखी'कडे सोपवले, आणि त्यांची प्रगती अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो ह्यांनी मोजून दाखवली. तथापि पुढील प्रयोगांतून कळले ते अधिक मोलाचे: शिक्षकांना नुसते प्रशिक्षण देऊन फारसे साधत नाही. हरियाणात २०१२-१३ साली रोजचा एक तास त्यासाठीच राखला, इयत्ता बाजूस ठेवून पातळीनुसार गट केले आणि पर्यवेक्षकांनी त्यावर लक्ष ठेवले, तेव्हा फळ मिळाले. 'असर' पाहणीनुसार २०२४ मध्ये देशाच्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २३.४ टक्केच होती. दोन वर्षांपूर्वी तीच १६.३ होती, एवढेच समाधान.

एक भय मात्र आम्ही लपवीत नाही. पंगती वेगळ्या बसवण्याची आपल्या समाजाला जुनी सवय आहे. 'कच्च्यांचा' गट एकदा बसला की तो वर्षभर तेथेच बसतो, आणि त्यात कोणत्या वाड्यावरची मुले असतात हे सांगावयास नको. दर काही आठवड्यांनी मुले पुन्हा तपासून गट मोडले नाहीत, तर ह्या पद्धतीपेक्षा जुना घोष बरा.

आता आपल्या घराकडे पाहू. १९६३ नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत खेडोपाडी निघालेल्या मराठी प्राथमिक शाळांपैकी कित्येकींत आज दहा-बारा मुले उरली आहेत, आणि पट घसरला म्हणून त्या मिटवल्या जात आहेत. पालकांनी इंग्रजीकडे धाव घेतली, आणि २०११ साली सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदानाचे दार उघडले, हे खरे. पण धारच्या शिक्षकाला चाळिसांच्या गर्दीतून मोठ्या कष्टाने जी टोली जमवावी लागते, ती पेडणे-सत्तरीच्या शाळेत आयती बसलेली असते! घरची कोंकणी आणि पुस्तकातील मराठी ह्यांमधला पूलही अशा लहान गटातच बांधता येतो. त्या शाळांतील किती मुले तिसरीच्या अखेरीस समजून वाचतात, हे शिक्षण खात्याने कधी मोजले आहे काय? पुढली शाळा बंद करण्याच्या कागदावर सही होण्यापूर्वी त्या शाळेतील प्रत्येक मुलास अधिकाऱ्याने जवळ बसवून एक पान वाचावयास लावावे, आणि जे ऐकले ते त्याच कागदावर लिहावे.