बोंडअळी, मठवासी आणि वगळलेला धडा

वाशीम जिल्ह्यातील कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला उत्क्रांतीची ओळख पुस्तकात शोधावी लागत नाही; ती त्याच्या शेतात चालून आली आहे. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळीचा प्रश्न कायमचा मिटला असे अनेकांना वाटले. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील बोंडे पोखरली आणि तो समज खोटा ठरला. अळी काही शहाणी झाली नव्हती. विषाला दाद न देणाऱ्या थोड्या अळ्या होत्या. इतर मेल्या, त्या उरल्या आणि त्यांचीच प्रजा वाढली. निसर्गनिवड म्हणतात ती हीच.

आणि नेमका हाच विषय एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून वगळला! करोनाकाळानंतर विद्यार्थ्यांचा भार हलका करायचा, हे कारण देण्यात आले. २०२३ साली अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी व शिक्षकांनी जाहीर पत्राद्वारे निषेध नोंदविला. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहे, असा बचाव केला जातो. परंतु दहावीनंतर विज्ञान सोडून जो मुलगा शेतीकडे वळतो, त्याने काय करावे? महाराष्ट्र मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा होता, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

विरोधकांचा आवडता आक्षेप असा, की वैज्ञानिकच आपली मते बदलत आले. मग विश्वास कशावर ठेवायचा? आमचे म्हणणे उलट आहे. १८०९ साली लामार्कने जीवजाती बदलतात हे सांगितले, पण आयुष्यात कमावलेले गुण संततीत उतरतात हे त्याचे स्पष्टीकरण टिकले नाही. १८५९ साली डार्विनने निसर्गनिवड मांडली; मात्र गुण पुढच्या पिढीत कसे जातात याचे समाधानकारक उत्तर त्याच्यापाशी नव्हते. ते उत्तर ब्रनोच्या मठातील ऑगस्टिनियन संन्यासी ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्याच्या वाफ्यात शोधले आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. जगाने त्याची दखल १९००मध्ये घेतली. पुढे १९३०-४०च्या दशकांत डार्विन व मेंडेल यांची सांगड घातली गेली. यात कोलांटउड्या कोठे आहेत? ही तर चूक दुरुस्त करीत सत्याकडे जाणारी वाट आहे.

मेंडेलचा तो वाटाणा वाशीमच्या शिवारापर्यंत येतो. बीटीच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याचे १२० ग्रॅमचे पुडके दिले जात असे. ते शेताच्या कडेने पेरायचे होते. तेथे जगलेल्या साध्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर व्हावा, हा हेतू. प्रतिकाराचा गुण अप्रभावी असेल, तर अशा संकराची संतती बीटी बोंडात मरते. अनेकांनी ते पुडके पेरलेच नाही. का पेरायचे, हे ज्या धड्यातून उमगले असते तोच आज ‘भार’ ठरला आहे.

२०१८च्या जानेवारीत, तेव्हाच्या औरंगाबादेत, केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, हा त्यांचा युक्तिवाद. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी त्यांचे म्हणणे खोडून काढले. पण आमच्याच बाकांवर बसणाऱ्या काही बांधवांना अशा विधानांनी बरे वाटत असेल, तर त्यांना आम्ही विचारतो : तुम्ही कोणत्या पवित्रसभेचे? पोप पायस बारावे यांनी १९५०मध्ये मानवी देहाच्या उगमाविषयीच्या संशोधनाला मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट परमेश्वराचे दान, हे बजावले. २२ ऑक्टोबर १९९६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही आता निव्वळ अटकळ राहिलेली नाही, असे पोपमहोदयांच्या विज्ञान अकादमीला कळविले. उत्पत्तीचे पुस्तक निर्माता कोण हे सांगते. जीवशास्त्राचे क्रमिक पुस्तक होण्याचा त्याचा दावा नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. वाशीम जिल्हा ज्यात मोडतो त्या अमरावतीसह आपल्या सर्व धर्मप्रांतांतील ख्रिस्ती शाळांनी हा विषय दहावीतच शिकवावा, परीक्षेत त्याला गुण असोत वा नसोत. वगळलेला धडा शिकविण्यास शिक्षकाला कुणी बंदी घातलेली नाही. आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात मेंडेलचे नाव घेताना तो आपला होता एवढेच सांगून थांबू नये. त्याने वाटाण्यात काय पाहिले, तेही सांगावे.